चिंगीचा गुडघा आणि तो फॉरवर्ड

मावशीचा फोन रात्री साडेअकराला आला. "अगं, चिंगीने काळी उलटी केलीय." काळी म्हणजे कशी? "कॉफीचा चोथा असतो ना, तशी." मग हळूहळू बाहेर आलं. चिंगी म्हणजे मावशीची कुत्री. ती मागचा पाय उचलून चालत होती, म्हणून मावशीने तिला सकाळ-संध्याकाळ अर्धी-अर्धी गोळी दिली होती. कसली? घरात अंगदुखीला असते ती. कोणी सांगितली? याचं उत्तर मला फोनवर मिळालं नाही, व्हॉट्सॲपवर मिळालं. एक लांबलचक मेसेज आला आणि त्याच्या डोक्यावर लिहिलेलं होतं, अनेक वेळा फॉरवर्ड केलेला.

तुमच्याकडेही आला असेल. "लहान कुत्र्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन: लुटीचा नवा धंदा!" असं शीर्षक, पुढे लाल बाण. म्हणणं असं, की लहान कुत्र्याला गुडघ्याचं ऑपरेशन कधीच लागत नाही. अमेरिकेतल्या संशोधनात ८५ टक्के कुत्री ऑपरेशनशिवाय बरी झाली. हे दुखणं कॅल्शियम कमी पडल्याने होतं. गुडघ्याची वाटी सरकली तर तेल लावून घरीच बसवावी. दुखत असेल तर माणसाची गोळी अर्धी करून द्यावी. कुत्रं रडत नसेल तर त्याला दुखत नाही. आणि ऑपरेशन केलं की दुसरा पायही जातो.

चिंगीला तीन दिवस सलाइन आणि पोटाची औषधं लागली. आता ती ठीक आहे, म्हणून मी शांतपणे लिहू शकतेय. म्हणजे त्यातल्या त्यात शांतपणे.

क्रमाने जाणार नाही. आधी गोळी.

त्या गोळीत आयबुप्रोफेन ४०० मिलिग्रॅम आणि पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅम असतं. मावशीचं वजन ६० किलो. तिने अख्खी गोळी घेतली तर किलोमागे साधारण पावणेसात मिलिग्रॅम आयबुप्रोफेन पोटात जातं. चिंगी ६ किलोची. तिला अर्धी दिली, म्हणजे किलोमागे ३३ मिलिग्रॅम. मावशीच्या अख्ख्या गोळीच्या पाचपट, आणि तेही दिवसातून दोनदा. "अर्धी करून द्या" लिहिणाऱ्याला आपण केवढी काळजी घेतोय असं वाटलं असणार! त्याहून वाईट म्हणजे कुत्र्याचं शरीर हे औषध आपल्यासारखं पटकन बाहेर टाकत नाही. जठराच्या आतल्या अस्तराला सांभाळणारी आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा टिकवणारी जी द्रव्यं शरीर बनवतं, तीच हे औषध अडवतं. मग पोटात जखमा होतात, रक्त येतं, ते पचून काळं होतं. कॉफीचा चोथा तो हा. डांबरासारखी काळी शी दिसली तरी अर्थ तोच. डोस आणखी वाढला तर मूत्रपिंड जातं.

डायक्लोफिनॅक या दुसऱ्या वेदनाशामकाचीही तीच गत. मेलेल्या गुरांच्या मांसातून पोटात जाऊन ज्याने आपल्याकडची गिधाडं संपवली आणि २००६ मध्ये जनावरांसाठी ज्यावर बंदी आली, ते हेच औषध. माणसाला चालतं एवढ्यावरून ते कुणालाही चालतं असं होत नाही. कुत्र्यांसाठी वेगळी वेदनाशामकं आहेत, डॉक्टर ती वजन करून देतात. चिंगीला तर तीही लगेच देता आली नाहीत, कारण आधीचं विष पोटात होतं आणि दोन्ही मिळून आणखी नुकसान झालं असतं. म्हणजे ज्या दुखण्यासाठी गोळी दिली, त्यावरचा खरा उपाय त्या गोळीनेच लांबवला.

"कुत्रं रडत नसेल तर दुखत नाही." हे वाचून तर मी फोन बाजूला ठेवला. कुत्रं गुडघ्यासाठी सहसा रडत नाही. ते सोसतं आणि वजन दुसऱ्या पायावर टाकतं. बसताना तो पाय मांडीखाली न घेता बाजूला काढून बसतं. सोफ्यावर उडी मारणारं कुत्रं सोफ्यापाशी उभं राहून तुमच्याकडे बघायला लागतं. दोन्ही मांड्या एकदम हातात धरून पाहा, दुखऱ्या बाजूची मांडी बारीक लागेल, कारण तो पाय वापरलाच जात नाही. या खुणा मावशीला दिसत होत्या, पण मेसेज रडण्याबद्दल होता, आणि चिंगी रडत नव्हती.

आता ते ८५ टक्के. इथे मला नाइलाजाने मान्य करावं लागतंय की हा आकडा हवेतला नाही. १९८४ मध्ये 'व्हेटरनरी सर्जरी' या नियतकालिकात व्हॅसर यांचा एक अभ्यास छापून आला. गुडघ्यातलं लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड बांधून ठेवणारा पट्टा, तुटलेली, पण ऑपरेशन न केलेली ८५ कुत्री त्यांनी पाहिली. त्यांतली २८ कुत्री १५ किलोच्या आतली होती. सरासरी तीन वर्षांनी पाहिलं तेव्हा त्या २८ पैकी २४ जणांची चाल एकतर नीट होती किंवा सुधारलेली होती. हेच ते ८५ टक्के. १५ किलोच्या वरची ५७ होती, त्यांतली जेमतेम ११ सुधारली. म्हणजे कुत्रं लहान असेल तर थांबून पाहायला जागा असते, हे खरं. मला वाटत होतं त्याहून जास्त खरं.

पण मेसेज लिहिणाऱ्याने तीन गोष्टी गिळल्या. एक म्हणजे अभ्यासात "नीट किंवा सुधारलेली" आहे, त्याचं याने "बरी" करून टाकलं. दुसरी, थांबून पाहणं म्हणजे काही न करणं नव्हे. आठवडेच्या आठवडे उड्या बंद, जिने बंद, फिरणं पट्ट्यावर आणि तेही पाच मिनिटं, आणि वजन खाली. सहा-आठ आठवड्यांत फरक नाही किंवा चालताना गुडघ्यात टक् आवाज येतोय, तर आतली गादीही फाटलेली असू शकते. ती विश्रांतीने सांधत नाही. तिसरी गोष्ट सगळ्यात मोठी. हा अभ्यास लिगामेंटचा आहे. मेसेजमध्ये पुढच्याच ओळीत वाटी सरकते! दोन वेगळी दुखणी, एकच पाय, आणि याने दोन्ही एका पातेल्यात शिजवली.

पॉमेरेनियन, चिवावा, यॉर्कशायर टेरियर, पग अशा छोट्या जातींत वाटीचं दुखणं नेहमीचं. (आपण ज्याला पॉमेरियन म्हणतो ते बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ असतं, चिंगीही तीच. पण ते राहू दे.) मांडीच्या हाडाच्या टोकाला एक पन्हळ असते आणि पाय वाकवताना वाटी तिच्यातून वरखाली जाते. ही पन्हळ मुळातच उथळ असली किंवा नडगीचं हाड थोडं पिळलेलं असलं, तर वाटी आतल्या बाजूला घसरते. कुत्रं चालता चालता एकदम पाय उचलतं, तीन पायांवर दोन-चार उड्या मारतं, मग पाय मागे झटकतं आणि जणू काही झालंच नाही असं चालायला लागतं. ती झटक म्हणजे वाटी जागेवर जाणं.

डॉक्टर याच्या चार पायऱ्या करतात. पहिलीत वाटी बोटाने ढकलली तरच सरकते आणि सोडली की परत येते. दुसरीत ती आपली आपण सरकते आणि आपली आपण येते. तिसरीत बहुतेक वेळ बाहेरच असते, हाताने बसवली तरी टिकत नाही. चौथीत हातानेही बसत नाही. पहिलीला कोणी शहाणा डॉक्टर चिरत नाही. दुसरीत कुत्र्याकडे बघून ठरतं, दिवसातून किती वेळा, दुखतंय का, वाढतंय का. तिसरी-चौथीत सहसा ऑपरेशन लागतं, पन्हळ खोल करायची आणि नडगीचा उंचवटा सरकवून वाटीवरची ओढ सरळ करायची. आणि पिल्लू वाढीचं असेल तर थांबणं महागात पडतं, कारण वाकड्या ओढीबरोबर हाडंही वाकडी वाढतात. या पिल्लांचे मालक "कधीच लागत नाही" वाचून सहा महिने काढणार, याचा मला खरा राग आहे.

तेल लावून वाटी बसवणं: पन्हळ उथळ आहे, तेलाने ती खोल होत नाही. कॅल्शियम: चिंगी दूध, दही, पनीर, सगळं खाते. वाढत्या पिल्लाला उगाच कॅल्शियमची पावडर घालणं तर हाडांना अपायच करतं. पुढे.

दुसरा पायही जातो, हे अर्धं खरं. वाटीचं दुखणं कितीतरी कुत्र्यांत दोन्ही पायांत असतंच, आणि एका पायाचं लिगामेंट गेलं की पुढेमागे दुसऱ्याचं जाण्याची शक्यता बरीच असते. पण ते ऑपरेशनमुळे नव्हे. दोन्ही गुडघे एकाच साच्यातले असतात म्हणून.

आणि लूट? असेलही कुठे. वाटी सैल दिसली की लगेच तारीख देणारे डॉक्टर असतात, नाही असं मी म्हणणार नाही. त्यावर उपाय दुसऱ्या डॉक्टरचं मत हा आहे. मावशी साताऱ्यात राहते, शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. परळ, नागपूर, परभणी, उदगीरलाही आहेत. तिथे एवढंच विचारायचं: वाटी की लिगामेंट, आणि वाटी असेल तर कितवी पायरी. हे मुख्यतः हाताने तपासूनच कळतं. एक्स-रेत लिगामेंट दिसत नाही, आणि फोटो काढताना वाटी जागेवर असली तर तीही साळसूद दिसते.

चिंगीची वाटी निघाली. दुसरी पायरी, डावा पाय, उजव्यात थोडंसं. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन नको. एक किलो वजन उतरवा, घरातल्या गुळगुळीत फरशीवर चटया टाका, सोफ्यावरून उडी मारू देऊ नका, दोन महिन्यांनी दाखवा. मध्येच कधी पाय अजिबात टेकेनाशी झाली तर त्याच दिवशी आणा, कारण वाटीच्या जुन्या दुखण्यात पुढे लिगामेंटही तुटू शकतं.

यावर मावशीने काय करावं? त्याच ग्रुपवर लिहिलं, "आमच्या चिंगीला ऑपरेशन लागलं नाही, लेख अगदी खरा आहे", खाली तीन नमस्कार. मी फोन केला तर म्हणते, "पण नाहीच ना लागलं?" सलाइनचं काय, मावशी? "ते गोळीमुळे." गोळी कुठल्या लेखात होती? त्यावर ती जरा गप्प झाली, मग म्हणाली की मेसेज आता काढता येत नाही, बरेच दिवस झाले.

मग त्याच्याखाली निदान हे तरी टाक, म्हटलं. लिहून पाठवते.