एकताल, आलेग्रियास आणि तुमची तक्रार

तुमची प्रतिक्रिया तिखट आहे, पण मुद्द्याला धरून आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. आलेग्रियास हा स्पेनच्या फ्लामेंको नाचगाण्यातला बारा मात्रांचा, आनंदी प्रकार. त्याबद्दल तुमचं म्हणणं थोडक्यात असं: बारा मात्रा म्हणजे आपला एकतालच, त्याचं एवढं अवडंबर कशाला? नाच शिकायला आलेल्यांना आधी टाळ्या आणि गाणं कशासाठी? आणि प्रकार जर आनंदाचा, तर मध्येच तो रडका तुकडा का?

मात्रा बारा, हे खरं. पण एकतालाचे दोन-दोनचे सहा विभाग असतात. आलेग्रियासमध्ये वजन, म्हणजे जोर, 3, 6, 8, 10 आणि 12 वर येतं. 12 पासून मोजलंत तर तीन-तीन-दोन-दोन-दोन. आपला कान समेची वाट बघतो, इथे मात्र वाक्य दहाव्या मात्रेवर मिटतं. गिटार ई मेजरमध्ये असेल तर साधारणपणे तिसऱ्या मात्रेला बी सेव्हन्थ हा कॉर्ड लागतो आणि दहाव्याला परत ई. तबल्यात मुरलेला माणूस हटकून एकवर पाय आपटतो (आमच्या वर्गात असे दोघे आहेत, दोघेही हुशार). हे वजन अंगात मुरायला टाळ्यांसारखा दुसरा उपाय मला तरी माहीत नाही.

गाण्याचं कारण वेगळं. इथे सूत्रं नाचणारीच्या हाती असतात. तिने यामादा घेतली, म्हणजे पायांनी हाक दिली, की गायक कडवं उचलतो. कडवं चालू असताना ती पाय आवरते आणि ओळ संपली की त्या फटीत तुकडा टाकते. ओळ कुठे संपते हेच ठाऊक नसेल तर ती गायकाच्या बोलण्यात तोंड घालणार. व्हिडिओ बघून पावलं येतात, पण व्हिडिओतल्या गायकाला तुमची हाक ऐकू जात नाही. स्पॅनिश येत नसेल तर सुरुवातीच्या 'तिरितित्रान'पासून लागा. त्याला अर्थच नाही! स्पेनमधल्या कादिस शहराचा गायक इग्नासियो एस्पेलेता शब्द विसरला आणि त्याने ते रचलं, असं सांगतात.

आता तो 'रडका' तुकडा, सिलेन्सियो. गाणं थांबतं, गिटार मायनरमध्ये, म्हणजे उदास सुरावटीत, उतरते, लय संथ होते, पाय गप्प आणि हात बोलके. पुढे एस्कोबियाचा पदन्यास हळू सुरू होऊन चढत जातो आणि शेवट कादिसच्या बुलेरियात, या जलद प्रकारात, होतो. ती उतरण काढलीत तर चढणार कुठून? शिवाय या आनंदाचं गाव, कादिस, बघा. 1810 ते 1812 कादिसला फ्रेंच सैन्याचा वेढा होता. स्पेनच्याच आरागोन प्रांताची खोता, म्हणजे तिथलं लोकनृत्य-गाणं, याच युद्धकाळात तिथे पोचली आणि आलेग्रियासमध्ये मुरली, असं मानतात. कडव्यांत आजही आरागोनमधल्या सारागोसाच्या पिलार मातेचं नाव येतं. फ्रेंचांच्या बाँबगोळ्यांनी कादिसच्या बायका केस कुरळे करतात, असं शत्रूला चिडवणारं गाणंही त्याच शहराचं.

तरीही एकतालाचा हट्ट असेल, तर एकदा सोलेआ हा दुसरा फ्लामेंको प्रकार ऐका. तेच बारा, तीच वजनं, पण संथ आणि गंभीर. तिथे दहावी मात्रा आधी सापडेल.