"लहान आहे, त्याला काय कळतंय?"

मागच्या आठवड्यात शिकवणीत फळा पुसताना माझ्या हातून डस्टर खाली पडला. त्या आवाजासरशी सहावीतल्या एका पोरानं दोन्ही हातांनी डोकं झाकलं आणि बाकाखाली वाकला. बाकीची पोरं हसली, मग तोही हसला. पण पुढची दहा मिनिटं त्याची पेन्सिल वहीवर एकाच जागी टेकलेली. अपूर्णांकांची बेरीज त्याच्या कानात शिरलीच नाही. (पोराची ओळख पटू नये म्हणून एकदोन गोष्टी बदलल्यात.)

ते वाकणं माझ्या ओळखीचं होतं.

आम्ही मंगळवार पेठेत दोन खोल्यांत भाड्यानं राहायचो. रात्री वडिलांची लूना बोळात शिरली की मी कान टवकारून स्टँडचा आवाज ऐकायचो. एका झटक्यात लागला तर ठीक. दोन-तीनदा घसरला, तर धाकट्या बहिणीला घेऊन मी पोटमाळ्यावर. वडिलांनी मला आयुष्यात कधी बोट लावलं नाही. मारायचे ते आईला. म्हणून चाळिशी उलटेपर्यंत मी सगळ्यांना सांगत होतो, माझं लहानपण चांगलं गेलं, मी कधी मार खाल्ला नाही. आणि इकडे दार आपटलं की छातीत धडधड. बायकोचा चेहरा जरा उतरलेला दिसला की दिवसभर तिचा अंदाज घेत बसायचं. रात्री दोनला जाग, पोटात आग. वर्षानुवर्षं पित्ताच्या गोळ्या खाल्ल्या.

शेवटी समुपदेशनाला गेलो. तिथं मला विचारलं, "घरात आईला मारहाण व्हायची का?" हा प्रश्न आधी कुणीच विचारला नव्हता.

हाच प्रश्न अमेरिकेत सॅन डिएगोला विन्सेंट फेलिट्टी आणि रॉबर्ट आंदा या डॉक्टरांनी हजारो लोकांना विचारला. फेलिट्टी वजन कमी करण्याचा दवाखाना चालवत. वजन छान उतरत असलेली माणसंच मधेच उपचार सोडून जायची. का, हे खोदून विचारल्यावर कितीतरी जणांकडून लहानपणीचे अत्याचार बाहेर आले. मग मोठा अभ्यास झाला. 1998 साली आलेल्या पहिल्या शोधनिबंधात साडेनऊ हजार लोकांची उत्तरं होती. मारहाण, लैंगिक अत्याचार, घरात दारू, घरातलं कुणी तुरुंगात, आणि आईला होणारी मारहाण. हो, आईला झालेली मारहाण पोराच्या खात्यात वेगळी मोजली होती. यातलं काहीच न सोसलेल्यांच्या तुलनेत, अशा चार किंवा जास्त प्रकारांतून गेलेल्यांमध्ये व्यसन, नैराश्य, आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका 4 ते 12 पट निघाला. आणि ही बहुतेक माणसं आरोग्य विमा असलेली, मध्यमवर्गीय होती. "हे झोपडपट्टीत होतं" म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं.

लेकरू घरात रोज घाबरत असेल तर त्याचं शरीर कायम पहाऱ्यावर राहतं. धोका ओळखणारा मेंदूचा भाग, अमिग्डाला, जरा खुट्ट झालं की जागा होतो. ताणाचं हार्मोन, कॉर्टिसॉल, पुन्हा पुन्हा सुटतं. विचार करायला, राग आवरायला लागणारा कपाळामागचा भाग पंचविशीपर्यंत घडत असतो, तो याच गोंधळात घडतो. शाळेत मग शेरा पडतो, "लक्ष देत नाही, मारामारी करतो." त्याचं लक्ष असतं हो. फळ्याकडे नसतं, दाराकडे असतं.

शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं बंदी आहे. तरी पालक मला सांगतात, "सर, दोन ठेवून द्या, सुधारतंय बघा." मला या वाक्याची चीड येते. आधीच भेदरलेल्या पोराला आणखी एक घाबरवणारा माणूस कशाला?

पण ते 4 ते 12 पट म्हणजे कुणाच्या कपाळावरचा लेख नव्हे. अमेरिकेतल्या हवाई बेटांपैकी कवाई बेटावर 1955 साली जन्मलेल्या मुलांचा मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर यांनी कित्येक वर्षं माग ठेवला. गरिबी, भांडणं, आजारपण अशा घरांतली सुमारे एक तृतीयांश मुलं नीट उभी राहिली. त्यांच्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. निदान एक तरी मोठं माणूस त्यांना धरून होतं. आई-बापच असं नाही, आजी, मावशी, शिक्षक, कुणीही.

आमच्या बोळात समोरच्या काकू होत्या. आमच्या घरात आवाज चढला की त्या दारात यायच्या आणि एवढंच म्हणायच्या, "आलायसा व्हय? बसा जेवायला." भाकरी, झुणका, वर कच्चा कांदा. काय झालं म्हणून कधी विचारलं नाही. त्या घरात मी किती रात्री झोपलो, मोजदाद नाही.

ज्यांना गरज आहे त्यांनी लिहून घ्या. टेली-मानस, मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, 14416, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. लेकराला धोका असेल तर मुलांची हेल्पलाइन 1098.

त्या पोराच्या आईशी मी बोललो, तिला दोन्ही नंबर दिले. परवा वर्ग सुटल्यावर तो दप्तर भरत रेंगाळला. म्हटलं, "जेवलास काय रं?" मान हलवली. मग म्हणाला, "सर, हितंच बसून गृहपाठ करू काय?"

वर्ग आठला सुटतो. हल्ली मी साडेनऊपर्यंत दिवा चालू ठेवतो.