मुठेचा विसर्ग आणि दीडशे शब्द

खडकवासला धरणातून मुठा नदीत किती पाणी सोडलं हे पुणेकराला पावसाळ्यात तासातासाला कळतं. क्युसेकचा आकडा भाजी घेताना कानावर पडतो, साखरपुड्यात पडतो, सलूनमध्ये तर पडतोच. आकडा वाढला, भिडे पूल पाण्याखाली गेला, पात्रातल्या गाड्या काढा! पण पाऊस सरून पात्र कोरडं झालं की त्याच पात्रातून किती दुचाक्या सुटल्या आणि किती मोबाइल वाहून गेले, तो विसर्ग मात्र कुणी जाहीर करत नाही.

मला संध्याकाळी मुठेकाठी फिरायची सवय. बायकोचा हुकूम निघाला, "सातनंतर तिकडे जायचं नाही."

"का?"

"तिकडे काय काय चालतं ते सगळ्यांना ठाऊक आहे."

चौकशीअंती असं निष्पन्न झालं की तिला दूधवाल्याने सांगितलं होतं, दूधवाल्याला वॉचमनने, आणि वॉचमनला "तुमच्याच सोसायटीतले कुणीतरी म्हणत होते." मी म्हटलं, कागद दाखव. ती म्हणाली, तूच आण.

कागद आणणं अवघड नाही, असा माझा समज होता. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली सांगून ठेवलंय की एफआयआर नोंदवल्यापासून चोवीस तासांत संकेतस्थळावर चढवा. नेटवर्कची अडचण असेल तर बहात्तर तासांपर्यंत सवलत, आणि लैंगिक गुन्हे, दहशतवाद वगैरे संवेदनशील प्रकरणं वगळायची. उत्तम. मी चहा घेऊन बसलो. संकेतस्थळाने जिल्हा विचारला, पोलीस ठाणं विचारलं, तारीख विचारली, मी यंत्र नाही याची वाकडीतिकडी अक्षरं ओळखायला लावून खात्री करून घेतली. नदी कुठेच विचारली नाही. म्हणजे अमुक ठाण्यात अमुक दिवशी काय घडलं हे एकेक पीडीएफ उघडून वाचता येतं. मुठेकाठी वर्षभरात काय घडलं हे वाचायचं तर वर्षभराच्या सगळ्या पीडीएफ उघडायच्या. चहा गार झाला.

लंडनला असलेल्या भाचीला हे फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "मामा, आमच्याकडे नकाशावर ठिपके असतात. मी घर भाड्याने घ्यायच्या आधी बघितले." तिकडे २०११पासून गल्लीगणिक गुन्ह्यांचा नकाशा सगळ्यांना खुला आहे. नेमकं घर मात्र कळू देत नाहीत, 'अमुक रस्त्यावर किंवा त्याच्या आसपास' एवढंच. मला हेवा वाटला. आपल्याकडे आसपासची माहिती वॉचमनकडे असते, पण तो ठिपके देत नाही.

मग ठाण्यात गेलो. ठाणे अंमलदारांनी खुर्ची दिली, हे आधी सांगितलं पाहिजे.

"काय हरवलंय काका?"

"काही नाही."

"कुणी मारहाण, शिवीगाळ?"

"छे."

"मग तक्रार कशाबद्दल?"

"तक्रार नाही. नदीकाठी किती गुन्हे होतात ते हवंय."

त्यांनी पेन खाली ठेवलं. स्वतःचं काही हरवलेलं नसताना ठाण्यात येणारा माणूस बहुधा त्यांच्या पाहण्यात नसावा. "कुठल्या पेपरचे?" मी म्हटलं, "फक्त वाचतो." मग ते म्हणाले, नदीचा पलीकडचा काठ आमच्या हद्दीत नाही. मी विचारलं, आणि मधोमध? त्यांनी जरा विचार केला. "मधोमध पाणी असतं."

शेवटी माहितीचा अधिकार. आमच्या शेजारी निवृत्त तलाठी राहतात, सोसायटी त्यांना आजोबा म्हणते, आणि सरकारी कागदाचा वास आला की त्यांची गुडघेदुखी थांबते. जोडपत्र 'अ' म्हणजे अर्जाचा नमुना, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, सगळं त्यांच्या कपाटात तयार. त्यांनी मला पहिल्याच बैठकीत नदीची फोड करून दिली: "पात्र महसुलाचं, पाणी जलसंपदाचं, रस्ता महापालिकेचा, आणि चोरी पोलिसांची. चौघांना एकत्र विचारायचं नाही. महाराष्ट्रात २०१२च्या नियमाने एका अर्जात एकच विषय, आणि दीडशे शब्द."

दीडशे शब्दांत पुणेकराचं नमस्कार-चमत्कारही होत नाही. माझा पहिला मसुदा पाचशेच्या घरात गेला. त्यात पानशेतच्या पुराचा उल्लेख होता, तो आजोबांनी निर्दयपणे कापला. पुढे मात्र त्यांनी मराठीची खरी ताकद दाखवली. 'मुठा नदीच्या पात्रालगत घडलेल्या गुन्ह्यांची नोंद' हे सहा शब्द त्यांनी 'मुठापात्रालगतगुन्हेनोंद' असे एका शब्दात दाबून बसवले. "मोजणाऱ्याने मोजून दाखवावं," म्हणाले. मी कालव्याचंही विचारू म्हटलं, तोही शहरातूनच वाहतो, २०१८ साली दांडेकर पुलापाशी फुटला तेव्हा तर घराघरांत आला होता. ते म्हणाले, "कालवा हा वेगळा विषय. वेगळा अर्ज. वेगळे दहा रुपये."

माहिती कशासाठी हवी हे सांगायची गरज नाही, कायद्यात तसं स्पष्ट लिहिलंय. तरी अर्ज घेणाऱ्या बाईंनी विचारलंच. आजोबा म्हणाले, "कलम सहा, पोटकलम दोन." बाई म्हणाल्या, "सहज विचारलं हो."

तीस दिवसांची मुदत संपता संपता उत्तर आलं. मागितलेली माहिती मागितलेल्या स्वरूपात संकलित केलेली नाही. अर्जदाराने येऊन अभिलेख पाहावेत. म्हणजे पोलिसांनी काही लपवलेलं नव्हतं. कुणी मोजलंच नव्हतं! चिडायची सगळी तयारी करून बसलो होतो, ती वाया गेली.

पाहणीचा पहिला तास फुकट. एका तरुण शिपायाने गुन्हा रजिस्टर उघडलं आणि फिर्यादीच्या नावावर लाकडी पट्टी धरली. मी पुढच्या ओळीवर गेलो की पट्टी खाली. तास संपेपर्यंत आमचं दोघांचं बरं जमलं. शेजारी एफआयआरचं बाड होतं. एफआयआरमध्ये घटनास्थळाचा रकाना असतो आणि तो भरतात 'पोलीस ठाण्यापासून दिशा व अंतर' असा. पश्चिमेस एक किलोमीटर. उत्तरेस अर्धा. सगळं शहर अंमलदारांच्या खुर्चीपासून मोजलेलं. त्यात नदी शोधायची तर एक जण लिहितो 'नदीपात्रात', दुसरा 'पुलाखाली', तिसरा 'घाटावर', चौथा 'विसर्जन हौदाजवळ', आणि एकाने दुचाकीच्या चोरीपुढे नुसतं 'झाडाखाली' लिहिलं होतं. ते झाड मला माहीत आहे, पण संगणकाला कसं सांगणार?

दिल्लीत राष्ट्रीय गुन्हे अभिलेख विभागाने चोऱ्या-दरोड्यांच्या जागांचा तक्ता काढला होता, त्यात घरं, महामार्ग, रेल्वे आणि 'नदी व समुद्र' असा एक रकाना होता. झाडाखालची ती दुचाकी त्या तक्त्यात गेली असेल, तर मुठा आणि अरबी समुद्र शेजारीशेजारी बसले असतील. आमच्या नदीचा इतका सन्मान दुसरीकडे कुठे झालेला मी ऐकला नाही.

टेबलावर अकस्मात मृत्यूची वही वेगळी होती. नदी असलेल्या गावात ती कशाने भरते ते सगळे जाणतात. ती मी उघडली नाही, आणि शिपायानेही पुढे केली नाही.

बाकीचं मात्र मी कोऱ्या वहीत उतरवत गेलो, फुकटचा तास संपल्यावर पैसे भरून. दुचाकी, मोबाइल, दुचाकी, मारामारी, मोबाइल, कुणाच्या तरी लग्नातली सोनसाखळी. आजोबा घरी बसून काठाप्रमाणे, महिन्याप्रमाणे कोष्टक आखू लागले. आखताना ते शीळ घालतात, हे मला नव्याने कळलं. पलीकडच्या ठाण्यात दुसरा अर्ज टाकलाय. मधोमधचं पाणी अजून कुणाच्या वाट्याला गेलेलं नाही.

परवा अंमलदार स्वतःहून बाहेर आले. म्हणाले, "काका, तुमचं ते मोजून झालं की एक प्रत आमच्याकडेही द्या. वरून कधी विचारलं तर उपयोगी पडेल."

घरी येऊन आजोबांना सांगितलं. त्यांनी चष्मा पुसला. "जरूर देऊ. म्हणावं, अर्ज करा. विषय एकच ठेवा, आणि पानाला दोन रुपये पडतील."