खुलासा : लीक–मॅनिफोल्ड लाइन आणि बार्शी लाइट

बार्शी लाइट ही आपल्या बार्शीची छोटी रेल्वे. ‘बार्शी लाइटची जुनी इंजिनं इंग्लंडला नेऊन स्टॅफर्डशरमधली लीक–मॅनिफोल्ड लाइन चालवली; पुढे बीचिंगने ती बंद केली,’ असा मजकूर सध्या फिरतो आहे. (बीचिंग म्हणजे तोट्यातल्या लाइन बंद करायला सांगणारे ब्रिटिश रेल्वेचे अध्यक्ष.) दोन्ही विधानं चुकीची आहेत.

दोन्ही लाइन अडीच फुटी (रुळांमधलं अंतर तेवढं) आणि दोन्हींचे इंजिनिअर एकच, एव्हरार्ड कॅलथ्रॉप. गोंधळाचं मूळ तेच. बार्शी लाइट १८९७ ची, मॅनिफोल्ड १९०४ ची. मॅनिफोल्डची दोन्ही इंजिनं लीड्सच्या किटसन कारखान्यात तिच्यासाठीच नवी बनली. त्यांची चाकरचना (पुढची छोटी, मधली इंजिन ओढणारी आणि मागची छोटी चाकं) २-६-४, तर बार्शीच्या किटसन इंजिनांची ०-८-४. मॅनिफोल्डच्या इंजिनांचा समोरचा भलामोठा दिवा मात्र थेट हिंदुस्थानी वळणाचा, त्यामुळे फोटो पाहून फसगत होते.

मॅनिफोल्ड लाइनची खरी करामत होती ट्रान्सपोर्टर वॅगन. मोठ्या लाइनचा (स्टँडर्ड गेजचा) अख्खा डबा चाकांसकट तिच्यावर चढवायचा, त्यामुळे मोठी लाइन जिथे मिळायची त्या वॉटरहाउसेस स्टेशनवर माल उतरवून पुन्हा भरायची गरज नसे. हे जास्त लक्षात ठेवण्यासारखं आहे.

लाइन जेमतेम सव्वाआठ मैल. मुख्य उत्पन्न दुधाचं. दूध रस्त्याने जाऊ लागलं, लाइनवरच्या एक्टन गावची डेअरी बंद झाली आणि मार्च १९३४ मध्ये एलएमएस (लंडन, मिडलँड अँड स्कॉटिश) या रेल्वे कंपनीने गाडी थांबवली. बीचिंगचा अहवाल १९६३ चा, म्हणजे तब्बल २९ वर्षांनंतरचा!

रूळ उचलून १९३७ मध्ये तिथे पायवाट झाली. चालायला जाणाऱ्यांनी वाटेतल्या स्वेन्सलीच्या बोगद्यात जपावं, तिथून मोटारीही जातात.