समितीचे सन्माननीय सदस्य कसे व्हावे

निसर्ग सांभाळायचा तर लोकसहभाग हवा, हे भाषणात ऐकलं होतं. तो कसा मिळवतात, हे गेल्या मंगळवारी कळलं. दारात पंचायतीचा शिपाई, माझाच जुना विद्यार्थी, काखेत रजिस्टर. "गुरुजी, एवढ्या पाच सह्या करा ना." तीन केल्यावर विचारलं, "कसल्या रे?" तर जैवविविधता व्यवस्थापन समितीच्या बैठकांना मी हजर असल्याच्या! मी सदस्य आहे हे मला तेव्हा समजलं. चौथ्या बैठकीच्या दिवशी तर मी डोळ्याला पट्टी बांधून पडलो होतो. तरी ठराव 'सखोल चर्चेअंती एकमताने मंजूर'.

तुम्हालाही हा मान हवा असेल तर पुढचं ध्यानात ठेवा.

आधी म्हणजे काही विचारू नका. 2002 च्या जैवविविधता कायद्याच्या कलम 41 प्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत अशी समिती हवी. आहे ना? झालं तर.

पेन स्वतःचं ठेवा.

लोक जैवविविधता नोंदवही, म्हणजे गावातली झाडं, प्राणी आणि जाणत्यांचं ज्ञान टिपून ठेवायची वही, मात्र लोकांना विचारून करण्याचा खुळेपणा करू नका. हरित लवादाने 2019 मध्ये बजावलं होतं, 31 जानेवारी 2020 पर्यंत नोंदवह्या पुऱ्या करा, नाहीतर राज्यांनी महिन्याला 10 लाख रुपये भरा. एवढ्या घाईत म्हातारीकोतारी कुठे शोधत बसायची? एजन्सीला काम द्या. आमच्या एजन्सीने दिलं की करून! आता सदस्यच आहे म्हटल्यावर मी ती वही मागून घेतली. गुळगुळीत कागद, रंगीत मुखपृष्ठ. आत नदीचं नाव शेजारच्या तालुक्यातलं. आमच्याकडे नदीच नाही, ओढा आहे. माशांच्या अकरा जाती लिहिल्यात, ओढा होळीला आटतो! देवराईला एक ओळ नाही. मोडलेल्या हाडाला कुठली साल बांधायची हे ज्या धनगर आजोबांना ठाऊक होतं, त्यांच्याकडे कोणी फिरकलं नाही. ते गेल्या पावसाळ्यात गेले. आता ती साल कुठल्या झाडाची, हे त्या एजन्सीला विचारायचं का? 'माहिती देणारे जाणकार' या रकान्यात नाव कोणाचं आहे, सांगू? माझं. मला कडुनिंब आणि बकाणनिंबातला फरक कळत नाही हो!

एखाद्या प्रकल्पाच्या जनसुनावणीला जायची तसदी घेऊ नका. पर्यावरणावरचे परिणाम तपासण्याच्या 2006 च्या अधिसूचनेत गणसंख्येची अट नाही, चित्रीकरण मात्र सक्तीचं आहे. माणसं नसली तरी चालेल, कॅमेरा हवा.

फोटोत रोपट्याला हात लावून उभे राहा. पाणी नंतर कोणीतरी घालेल.

हसताय काय? तुम्हीही केल्या असतील अशा सह्या. ओडिशात नियमगिरीच्या 12 ग्रामसभा 2013 मध्ये बॉक्साइटच्या खाणीला एकामागून एक नाही म्हणाल्या. डोंगरात राहणारी माणसं उठून बोलली. आणि आपण शिकलीसवरलेली माणसं दारात उभं राहून, चहा गार होतोय म्हणून न वाचता सही ठोकतो! सरकारला शिव्या नंतर घाला. आधी पंचायतीत जाऊन समितीत आपलं नाव आहे का ते बघा, असेल तर वही मागा, चुकीच्या पानावर लाल शाईने लिहा आणि पोच घ्या. नाही म्हणाले तर ते नाहीही लेखी मागा.

माझ्या तीन सह्या अजून त्या रजिस्टरात आहेत. त्या खोडायला उद्या अकरा वाजता जातोय. शिपायाला सांगून ठेवलंय, रजिस्टर कपाटात कुलूपबंद करून किल्ली हरवू नकोस म्हणून.