‘इंजेक्शन घेऊनही माणूस गेलाच ना?’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

कुत्रं चावल्यावर काय करायचं, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, म्हणून लॅपटॉप मिटला. दुसऱ्यांदा चहा घेऊन वाचली. तुमच्या मुद्द्यांकडे येतेच, पण आधी तुमची शेवटची ओळ. शेजारच्यांच्या कुत्र्याच्या पिल्लाने मंगळवारी तुमच्या नातीच्या पोटरीला “जरासं ओरबाडलं”, पिल्लू घरचंच आहे, दोन महिन्यांचं, दहा दिवस लक्ष ठेवून आहोत, असं तुम्ही जाता जाता लिहून गेलात. रक्त आलं होतं का? टाचणीच्या टोकाएवढं जरी आलं असेल तरी ती तिसऱ्या, म्हणजे सगळ्यांत गंभीर श्रेणीची जखम, म्हणजे रेबीजची लस आणि जखमेत भरायचं सिरम दोन्ही. रक्त नसेल, नुसता ओरखडा असेल, तरी लस. आज शुक्रवार. तीन दिवस गेले, अजून वेळ गेलेली नाही. पण आजच जा. हे उत्तर परत आल्यावर वाचलंत तरी चालेल.

दहा दिवसांचा नियम खरा आहे, पण लोक तो उलटा वापरतात. पिसाळलेल्या कुत्र्याच्या लाळेत विषाणू येतो तो लक्षणं दिसण्याच्या अगदी थोडे दिवस आधी, आणि लक्षणं दिसली की ते कुत्रं आठवड्या-दहा दिवसांत मरतं. म्हणून चावलेलं कुत्रं दहा दिवसांनी ठणठणीत असेल, तर चावताना त्याच्या लाळेत विषाणू नव्हता असं म्हणता येतं. हा नियम चालू केलेली लस थांबवायची का, हे ठरवण्यासाठी आहे. लस सुरू करायला दहा दिवस थांबा, असं त्यात कुठेही नाही. आणि पिल्लू लहान आहे म्हणून सूट नसते. कुत्र्याची रेबीजची लस साधारण तिसऱ्या महिन्यात देतात, म्हणजे दोन महिन्यांच्या पिल्लाला ती मिळालेलीच नसणार.

आता तुमचे मुद्दे. ज्यांनी तुमची प्रतिक्रिया वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. तुम्ही म्हणता, सिस्टरबाई घाबरवतात, आकडे फुगवतात, लसीच्या कंपन्यांची तळी उचलतात. तुमच्या आजोबांना पिसाळलेलं कुत्रं चावलं, चुना आणि मिरचीपूड दाबली, एक्याण्णव वर्षं जगले. उलट तुमच्या आत्याला पोटातली इंजेक्शनं दिली आणि तिचे पाय लुळे पडले. आणि तुमच्या गावचा एक जण लस घेऊनही गेला.

आकड्याचं आधी सांगून टाकते, कारण तिथे चूक माझी आहे. भारतात वर्षाला वीस हजार माणसं रेबीजने मरतात, असं मी लिहिलं होतं. तो जुना अंदाज, आम्ही वर्षानुवर्षं ट्रेनिंगमध्ये ऐकत आलो. आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) २०२२-२३ मध्ये १५ राज्यांतल्या ६० जिल्ह्यांत घरोघरी जाऊन पाहणी केली, त्यातून वर्षाला सुमारे ५,७०० मृत्यूंचा अंदाज निघाला. मी तो द्यायला हवा होता. मूळ लेखात दुरुस्ती केली आहे. त्याच पाहणीत कुत्रं चावलेल्यांपैकी साधारण पाचातल्या एकाने लसच घेतली नव्हती, हेही निघालं.

आत्याबद्दल. तुम्हाला वाटलं असेल मी हे नाकारीन. नाही नाकारत. ती लस डेव्हिड सेम्पल नावाच्या डॉक्टरची. १९११ च्या सुमारास कसौलीत तयार झाली आणि आपल्याकडे पुढची नव्वद वर्षं वापरली गेली. मेंढीच्या मेंदूत विषाणू वाढवायचा, तो मारायचा आणि त्याच मेंदूचं द्रावण बेंबीभोवती टोचायचं, रोज एक, चौदा दिवस. मेंदूचा तो अंश अंगात गेल्यावर एखाद्याचं शरीर स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटायचं. हात-पाय लुळे पडायचे, क्वचित माणूस दगावायचाही. मी नोकरीला लागले तेव्हा ती लस चालूच होती. तिची मोठी सुई बघून पुरुषमाणसं खुर्चीतून उठून जायची. २००४ च्या शेवटी आपल्याकडे तिचं उत्पादन बंद झालं. आताची लस प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर होते, दंडात टोचतात, मेंदूबिंदू काही नसतो. तरी आजही बायका केसपेपर हातात धरून विचारतात, “पोटात देणार का हो?” आत्याच्या पिढीने सोसलेलं ते, घराघरांत राहिलंय.

आजोबांचं सोपं आहे. चावणारं प्रत्येक कुत्रं पिसाळलेलं नसतं. चार जणांना चावलं, लाळ गाळत पळालं की गाव म्हणतं पिसाळलं. पुढे ते मेलं का, हे कुणी बघितलं? आणि खरंच पिसाळलेलं असलं तरी दर चाव्यातून विषाणू मज्जातंतूपर्यंत पोचतोच असं नाही. जाड धोतरावरून चावलं तर लाळ कापडातच पुसली जाते. आजोबा वाचले याचा मला आनंद आहे, पण श्रेय चुन्या-मिरचीला देऊ नका. जे वाचले नाहीत त्यांच्या जखमेतही लोकांनी मिरचीच दाबली होती.

आमच्या इंजेक्शन रूमच्या बाहेर एक नळ होता आणि कट्ट्यावर धुण्याच्या साबणाची वडी. पेशंट आला की आधी तिथे. हळद भरलेली जखम धुवायला घेतली की पाच मिनिटं नुसतं पिवळं पाणी मोरीत जायचं, मग कुठे दाताच्या खुणा दिसायच्या. मिरची असेल तर पोर किंचाळायचं, कडा लाल-पांढऱ्या पडून सोललेल्या असायच्या. मिरची आणि चुना जखम आणखी उघडी करतात, तंतूंना डिवचतात. विषाणूला आत शिरायला वाट करून दिल्यासारखंच ते. साबणाचं उलट आहे. रेबीजच्या विषाणूभोवती स्निग्ध पदार्थाचं आवरण असतं, साबण ते फोडतो. कोरोनात हात धुवायला सांगत होते ते याच कारणाने. पण पंधरा मिनिटं धुवायचं. “धुतलं ना घरी” म्हणणाऱ्याला मी विचारायचे, किती वेळ? उत्तर यायचं, तांब्याभर पाण्याने. मग मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवायचे आणि त्यांना पुन्हा नळाखाली बसवायचे. पंधरा मिनिटं फार मोठी असतात, मधेच लोक मोबाईल काढतात.

तुम्ही विचारलंत, लस ही रोग व्हायच्या आधी घ्यायची असते, मग चावल्यावर टोचून काय फायदा? प्रश्न चांगला आहे, नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला मलाही पडला होता. हा विषाणू रक्तातून पळत नाही. जखमेतल्या स्नायूतून मज्जातंतूत शिरतो आणि तंतूच्या कडेकडेने, दिवसाला काही मिलिमीटर ते काही सेंटिमीटर, असा मेंदूकडे सरकतो. पायाला चावलं तर वाट लांब. बहुतेकांत लक्षणं यायला एक ते तीन महिने जातात, एखाद्यात वर्षही. फ्रेंच शास्त्रज्ञ लुई पाश्चरने ६ जुलै १८८५ रोजी नऊ वर्षांच्या जोसेफ माइस्टरला पहिली लस टोचली ती या सवडीच्या भरवशावरच, तीही कुत्रं चावून दोन दिवस झाल्यावर. विषाणू म्हणजे काय ते तेव्हा कुणी डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. लस घेतल्यावर शरीराला विषाणूशी लढणारी प्रतिद्रव्यं तयार करायला आठवडा ते दोन आठवडे लागतात. पोटरीला चावलं असेल तर ही शर्यत लस सहसा जिंकते.

गाल, ओठ, मान, बोटं इथे मात्र सवड कमी. मेंदू जवळ आणि तंतू दाट. लसीची कुमक पोचेपर्यंत कुणीतरी खिंड लढवायला लागते, आणि ते काम सिरमचं. सिरम म्हणजे आयती प्रतिद्रव्यं, घोड्याच्या किंवा माणसाच्या रक्तातून काढलेली. आता पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटचं मोनोक्लोनलही मिळतं, म्हणजे रक्तातून न काढता प्रयोगशाळेत बनवलेली प्रतिद्रव्यं. ते वजनाप्रमाणे मोजून जखमेतच भरायचं असतं, कडेकडेने, सुई फिरवत. बोटाच्या पेराला भरताना बोट टम्म फुगतं, कातडी पांढरी पडते, पोर आकांत करतं, बाप म्हणतो पुरे झालं सिस्टर. पुरे झालेलं नसतं. पहिल्या डोसपासून सात दिवसांच्या आत ते देता येतं, त्यानंतर लसीची स्वतःची प्रतिद्रव्यं आलेली असतात. जखमेला टाके शक्यतो घालायचेच नाहीत. घालावेच लागले तर आधी सिरम, मग सैल टाके.

हे एवढं सांगायचं कारण तुमचा गावचा माणूस. “लस घेऊनही गेला.” मूळ लेखात मी यावर एक वाक्यही लिहिलं नव्हतं. विसरले नव्हते, टाळलं होतं.

एका तालुक्याच्या दवाखान्यात असताना एक मुलगा आला, सातेक वर्षांचा. गालावर आणि वरच्या ओठाला चावलेलं. वाटेत एका खाजगी दवाखान्यात टाके घालून आणलेलं, छान, बारीक टाके. आमच्याकडे त्या दिवशी सिरम संपलेलं. मी लस टोचली, चिठ्ठीवर जिल्ह्याला रेफर लिहिलं आणि बापाला म्हटलं, लस दिली आहे, सिरमसाठी जिल्ह्याला जा. मागे चाळीस-पन्नास माणसांची रांग होती. बापाने त्यातलं “लस दिली आहे” एवढंच ऐकलं. जिल्हा म्हणजे एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरी. पुढच्या डोसांना मात्र तो बरोबर तारखेला आला, एक दिवसही चुकवला नाही. मी कार्डावर खूण केली. गेला होतात का जिल्ह्याला, हे मी विचारलं नाही. तिसऱ्या आठवड्यात पोराला पाणी गिळता येईना. पेला तोंडाजवळ नेला की गळा आवळायचा, पंख्याच्या वाऱ्यानेही दचकायचं. पुढचं लिहीत नाही.

तेव्हा त्या गावात लोक तुमच्यासारखंच म्हणाले असतील, लस घेऊनही गेला. खोटं नव्हतंच ते. पण त्याला अर्धाच उपचार मिळाला होता. जखम शिवून बंद केलेली, सिरम नाही, नुसते डोस. तुमच्या गावच्या माणसाचं काय झालं मला माहीत नाही. शक्य असेल तर त्याच्या घरी विचारा: कुठे चावलं होतं, टाके घातले होते का, जखमेत इंजेक्शन दिलं होतं का. लक्षणं सुरू झाल्यावर आजही उपाय नाही. २००४ मध्ये अमेरिकेत विस्कॉन्सिनमधली एक पंधरा वर्षांची मुलगी लस न घेता वाचली, औषधांनी बेशुद्ध ठेवून. तो प्रयोग नंतर अनेकांवर झाला आणि बहुतेक ठिकाणी फसला.

आणि सरकारी दवाखान्यात “थेंबभर टोचून बोळवण करतात” म्हणता, ते थेंबभरच असतं. ०.१ मिली, दोन्ही दंडांवर, कातडीच्या आत. संत्र्याच्या सालीसारखा बारीक फुगवटा आला की समजायचं बरोबर बसली. कातडीत पहारेकरी पेशी भरपूर असतात, म्हणून तेवढी पुरते, आणि एका बाटलीत बऱ्याच जणांचं होतं. कंपनीची तळी उचलायची असती तर मी याच्या विरोधात लिहिलं असतं!

कुत्री मारून टाका म्हणता, त्यावर वाद घालत नाही, फक्त शेजारी बघा. गोव्यात २०१३ पासून घरची आणि रस्त्यावरची कुत्री धरून त्यांनाच लस टोचायची मोहीम चालली, पुढे पुढे वर्षाला ९५ हजारांवर कुत्री, म्हणजे साधारण सत्तर टक्के. जाळं घेऊन पळणारी टीम आणि हातात मोबाईल, कुठली गल्ली झाली ते त्यावर नोंदवायचं. २०१९ पर्यंत तिथले माणसांतले रेबीजचे मृत्यू शून्यावर आले, कुत्र्यांमधल्या केसेस ९२ टक्क्यांनी घटल्या.

नातीकडे परत येते. आज पहिला डोस झाला तर आजचा दिवस शून्य, मंगळवार नव्हे. पुढचा सोमवारी, मग पुढच्या शुक्रवारी, आणि शेवटचा अठ्ठाविसाव्या दिवशी, तोही शुक्रवारच. दवाखाना स्नायूत देणारा असेल तर एक डोस वाढतो, तारखा कार्डावर लिहून घ्या. पुढच्या शुक्रवारी पिल्लाचेही दहा दिवस भरतात. तोवर ते बांधलेलं, डोळ्यासमोर आणि खातंपितं असू दे. त्या दिवशी डॉक्टरांना सांगा, पुढचं ते ठरवतील. तिथे सिरम नाही म्हणाले तर कुठे आहे ते त्यांच्याकडूनच फोन करून विचारून घ्या आणि आजच तिथे पोचा.

रक्त आलं होतं का, ते मात्र इथे खाली लिहा. मी रात्री बघते.