कपाटातल्या अँपला निरोप

घोडबंदर रोडवरच्या नव्या फ्लॅटमध्ये टीव्ही युनिट ठरवताना इंटिरिअरवाल्याला विचारतात, सुताराला विचारतात, अगदी शेजारच्या काकूंनाही विचारतात. अँप्लिफायरला कुणी विचारत नाही. त्याला लॅमिनेटच्या शटरमागे कोंडतात आणि मग कळतं, रिमोटचा उजेड प्लायवुडमधून जात नाही. 940 नॅनोमीटरचा, डोळ्याला न दिसणारा असला तरी तो उजेडच, एक्स-रे नव्हे.

शटर उघडं ठेवणं हा उपाय घरात मंजूर होत नाही. उठून नॉब फिरवणं मला मंजूर नाही. उरतो आयआर (इन्फ्रारेड) रिपीटर: शटरबाहेर एक डोळा, आत एक सर्किट आणि अँपच्या सेन्सरवर चिकटवलेला एक एलईडी. म्हणजे निरोप्याच.

तयार किट मिळतं, पण ज्याच्याकडे सोल्डरिंग गन आहे त्याला ते विकत घेण्याची लाज वाटते. मग ठाण्याहून दादरला गाडी बदलून ग्रँट रोड, तिथून लॅमिंग्टन रोडचा इलेक्ट्रॉनिक्स बाजार. टीएसओपी 1738, म्हणजे रिमोटचा उजेड टिपणारा तीन पायांचा डोळा, मागावा तर काउंटरवर 38238 येतो: ‘सेमच आहे, साहेब.’ सेमच असतो, फक्त पाय सोडून. 1738 चे पाय ग्राउंड, सप्लाय, आउटपुट. 38238 चे आउटपुट, ग्राउंड, सप्लाय. जुन्या जागी नवा बसवला की तो उलटा सप्लाय खाऊन गप्प होतो, आणि आपण तासभर रिमोटचे सेल बदलत बसतो.

यापुढची चूक हुशार माणसंच करतात: टीएसओपीच्या आउटपुटला थेट एलईडी जोडणं. रिमोट साधारण 38 किलोहर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला 38 हजार वेळा, लुकलुकतो. टीएसओपी ती लुकलुक गाळून नुसता निरोप देतो, तोही उलटा, म्हणजे गप्प असताना 5 व्होल्ट आणि बोलताना शून्य. अँपला शब्दांइतकीच चालही लागते. म्हणून बीसी547 ट्रान्झिस्टरने निरोप सुलटा करून 555 या टायमर चिपच्या चौथ्या पायाला (रीसेटला) द्यायचा आणि 555 कडून 38 किलोहर्ट्झ पुन्हा घालून घ्यायचे. 1 नॅनोफॅराडचा कपॅसिटर, 1 के आणि 18 के (किलोओहम) चे रेझिस्टर लावले तर गणित 39 किलोहर्ट्झच्या आसपास येतं. 18 च्या जागी 20 के चा प्रीसेट, म्हणजे पेचाने कमीजास्त होणारा रेझिस्टर, घ्या आणि पेचकस हाताशी ठेवा. सेन्सरला चिकटलेल्या एलईडीला 20 मिलिअँपिअर भरपूर झाले, 5 व्होल्टला 180 ओहम. हौसेने 100 मिलिअँपिअर दिले की उजेड शटरच्या फटीतून बाहेरच्या डोळ्यात शिरतो, आणि सर्किट स्वतःलाच निरोप धाडत बसतं.

खरी फजिती सप्लायची. टीव्हीच्या मागे यूएसबी आयतं मिळतं, वायरही दिसत नाही, घरचे खूश. पण बऱ्याच टीव्हींचं यूएसबी स्टँडबायला बंद पडतं. परिणामी सकाळी नुसती भक्तिगीतं ऐकायची तर आधी टीव्ही लावायचा, म्हणजे रिपीटर जागा होईल, म्हणजे अँप ऐकेल. त्यापेक्षा मोबाईलचा जुना चार्जर वेगळ्या सॉकेटला लावावा. स्वस्त चार्जर सप्लायमध्ये कचरा टाकतो, म्हणून टीएसओपीच्या अगदी पायाशी सप्लायमध्ये 100 ओहम आणि ग्राउंडकडे 4.7 मायक्रोफॅराड.

डोळा गॅलरीसमोर नको. उन्हात तो आंधळा होतो. एलईडी जळतोय का ते मोबाईलच्या समोरच्या कॅमेऱ्याने बघा, जांभळट दिसतो. मागच्या कॅमेऱ्याला बहुधा फिल्टर असतो, तिथे अंधार दिसला म्हणून सोल्डरिंग उसवू नका.

एवढं करून सगळं चालतं. फक्त बंद कपाटात अँप तापतो, वर पावसाळ्याची दमट हवा, त्यात डबल टेप सुटते. एलईडी वायरला लोंबकळत राहतो आणि इमानेइतबारे प्लायवुडला आवाज वाढवायला सांगत बसतो. मग टेपचा नवा तुकडा कापायचा. शटर तेवढा वेळ उघडं राहतं, आणि रिमोट तेवढा वेळ झकास चालतो.